बाइकच्या स्पीकरमधून बेस येत नाही, काय करावं?
आधी वायरिंग बघा. दोनपैकी एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले असतील, तर दोघांचा बेस एकमेकांना खातो. इलाज फुकटातला आहे.

ते ठीक असेल तर स्पीकरची पाठ तपासा. मागून उघड्या स्पीकरचा मागचा आवाज पुढच्याला मारतो. मागे हवाबंद डबा हवाच. इक्वलायझरवर बेस फुल करू नका, चार इंची स्पीकर नुसता फाटतो. उलट अँपवर (अँप्लिफायरवर) हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक पातळीखालचे खोल आवाज अडवणारी सेटिंग, 100 हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे आवाज स्वच्छ वाढवता येतो.

खराच दणका हवा तर साइड बॉक्समध्ये आठ इंची सबवूफर (फक्त बेससाठीचा स्पीकर), वेगळा अँप, आणि बॅटरीवरून फ्यूज टाकून थेट वायर. तरी 80 च्या वेगाला वारा बराचसा बेस गिळणारच.