अब्बांचा नकार, अम्मीचा होकार

“मॅडम, आम्ही मुलीला फार धाकात ठेवलं का?” हा प्रश्न समुपदेशनात मला अनेक पालक विचारतात. इथे विचारणारी आई रत्नागिरीजवळच्या कोकणी मुस्लिम कुटुंबातली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नवरा कुवेतला, घरात सासू आणि दोन मुलं. दहावीतली मुलगी कुणाशी बोलेनाशी झाली होती, बारीकसारीक गोष्टींतही खोटं बोलायची.

मुलीशी एकटीशी बोलले. धाकाबद्दल तिची फारशी तक्रार नव्हती. “सहलीला अम्मीने हो म्हटलं, पैसेही भरले. रात्री अब्बांचा फोन आला आणि सगळं रद्द. पुढच्या वेळी अब्बा नाही म्हणाले, तर अम्मीने त्यांना न सांगताच पाठवलं. मग मी विचारणंच सोडलं.”

१७ वर्षांचा भाऊ मात्र रात्री बारापर्यंत बाहेर. तो म्हणाला, “मी कुठे होतो, ते कुणी विचारतच नाही.” घरच्यांना जे लाड वाटत होते, ते त्याला दुर्लक्ष वाटत होतं.

मारवान द्वैरी या पॅलेस्टिनी मानसशास्त्रज्ञाने २००६मध्ये आठ अरब समाजांतल्या सुमारे २,९०० किशोरवयीन मुलामुलींवरचा अभ्यास मांडला. कधी अतिकडक, कधी अतिसैल अशा घरांतल्या मुलांना मानसिक त्रास जास्त असल्याचं त्यात दिसलं. नुसत्या कडकपणाशी त्रासाचा तसा संबंध आढळला नाही. कोकण म्हणजे अरबस्तान नव्हे, पण या घराला ते लागू पडत होतं. म्हणून मी आईला “धाक सोडा” असं सांगितलं नाही.

शुक्रवारी वडिलांना सुट्टी असते, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिघं बोललो. आधी नवराबायकोने आपसात ठरवायचं, मग मुलांना एकच उत्तर द्यायचं, कारणासकट. एकदा दिलेला होकार फिरवायचा नाही. घरी यायची वेळ दोन्ही मुलांना लागू.

इथे वडील अडले. “मुलीची गोष्ट वेगळी असते, मॅडम.” नेमकी भीती कशाची, असं विचारलं. अंधारातला रस्ता आणि लोकांचं बोलणं, ते म्हणाले. रस्त्यावर उपाय निघाला. क्लास सुटल्यावर तिघी मैत्रिणींसाठी रोजची रिक्षा ठरली. लोकांच्या बोलण्यावर अजून निघालेला नाही. मुलगी आता परवानगी मागते, नकार मिळाला तर भांडते. मला हे भांडण हवंच होतं. ईदला वडील येतील, तेव्हा सासूबाईंनाही घेऊन बसायचं ठरलं आहे.