पेशीपटलातील लिपिडे बदलली की पटलाचे नेमके काय बदलते?

आपला प्रश्न असा आहे की, संतृप्त (दुहेरी बंध नसलेली) मेदाम्ले जास्त असली तर पेशीपटल घट्ट आणि असंतृप्त (दुहेरी बंध असलेली) असली तर पातळ, एवढे उत्तर पुरेसे आहे का. कोलेस्टेरॉल पटल घट्ट करते की सैल. आणि घरात करडईचे तेल वापरल्याने आपल्या पेशींची पटले खरोखर बदलतात का. मी परभणीत पदवीच्या वर्गांना जीवरसायनशास्त्र शिकवतो. संतृप्त-असंतृप्ताचे ते वाक्य परीक्षेत गुण मिळवून देते हे खरे असले, तरी त्यातून पटलाच्या एकाच गुणाची ओळख होते आणि बाकीचे गुण नजरेआड राहतात, असे माझे मत आहे.

पटल म्हणजे फॉस्फोलिपिडांचा दुपदरी थर, हे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी 1925 मध्ये तांबड्या रक्तपेशींवरून मांडले, आणि त्या थरात प्रथिने तरंगत असतात हे चित्र सिंगर व निकोल्सन यांनी 1972 मध्ये दिले. प्रत्येक फॉस्फोलिपिडाला पाण्याकडे वळलेले एक डोके आणि आत दडलेली मेदाम्लांची दोन शेपटे असतात. शेपटे सरळ असली की ती एकमेकांना चिकटून दाटीने बसतात. शेपटात सिस प्रकारचा (साखळीचे दोन्ही भाग एकाच बाजूला ठेवणारा) दुहेरी बंध आला की तेथे बाक पडतो आणि ही दाटी मोडते. बदल किती मोठा असतो हे आकड्यांवरून कळते. फॉस्फॅटिडिलकोलीन या, कोलीनचे डोके असलेल्या फॉस्फोलिपिडाची दोन्ही शेपटे सोळा कार्बनी पामिटिक आम्लाची असतील, तर त्याचा थर 41 अंश सेल्सियसला गोठलेल्या अवस्थेतून तरल अवस्थेत जातो. म्हणजे मे महिन्यात आमच्याकडील दुपारच्या उन्हात तो तरल होईल आणि रात्री पुन्हा गोठेल. त्यातील एका शेपटाच्या जागी एकच दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल आले, की हेच तापमान उणे 2 अंशांच्या आसपास उतरते. त्यापुढील दुहेरी बंधांनी पडणारा फरक तुलनेने लहान असतो, त्यामुळे ‘जितके बंध जास्त तितके पटल पातळ’ असे सरळ गणित मांडू नये. शेपटाची लांबीही महत्त्वाची आहे: चौदा कार्बनांच्या संतृप्त शेपटांचे हे तापमान सुमारे 23, तर अठरा कार्बनांचे सुमारे 55 अंश असते. ट्रान्स बंध मात्र बाक जवळपास आणतच नाही. म्हणून ट्रान्स मेदाम्ले वागणुकीने संतृप्तांच्या जवळ जातात.

पाठ्यपुस्तकात सहसा न येणारी गोष्ट म्हणजे डोक्याचा प्रभाव. वरील दोन पामिटिक शेपटे तशीच ठेवून डोके कोलीनऐवजी इथेनॉलअमाइनचे केले, तर तरल होण्याचे तापमान 41 वरून सुमारे 63 अंशांवर जाते, कारण लहान डोकी एकमेकांच्या जवळ येऊन आपसांत हायड्रोजन बंध जोडतात. डोके लहान आणि शेपटांचा पसारा मोठा असला की रेणूचा आकार शंकूसारखा होतो, आणि असे रेणू जेथे जमतात तेथे पटल वाकण्यास तयार असते. पेशी विभागताना किंवा पुटिका (पटलाच्या छोट्या पिशव्या) सुटताना जो बाक लागतो, त्याला या रेणूंची मदत होते. तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतील पटलात सापडणारे, चार शेपटांचे कार्डिओलिपिन हे याचेच विशेष उदाहरण आहे. तेथील घड्या आणि श्वसनसाखळीतील प्रथिनांचे समूह टिकवण्यात त्याचा वाटा असतो. विद्युतभारही डोक्यावरूनच ठरतो. फॉस्फॅटिडिलसेरीन हे ऋणभारित लिपिड निरोगी पेशीत आतल्या पदरातच राखले जाते, आणि त्यासाठी पेशी ऊर्जा खर्च करते. ते बाहेरच्या पदरात दिसू लागले की भक्षक पेशींना ती पेशी मरत असल्याची खूण पटते. बिंबाणूंच्या (प्लेटलेटच्या) बाबतीत तेच रक्त गोठण्याच्या क्रियेला आधार देते. पटलाची प्रवाहिता (तरलपणा) कायम राहूनही लिपिडाची जागा बदलल्याने एवढा परिणाम घडतो, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष मी मुद्दाम वेधतो.

आता कोलेस्टेरॉलविषयी. त्याचा चार वलयांचा ताठ सांगाडा शेपटांच्या मध्ये बसतो आणि छोटे हायड्रॉक्सिल डोके पाण्याच्या बाजूला राहते. थर तरल असताना हा सांगाडा शेजारच्या शेपटांची वळवळ कमी करतो, त्यांना सरळ उभे करतो. त्यामुळे थर जाड होतो आणि त्यातून पाणी व लहान रेणू झिरपणे घटते. थर गोठलेला असताना मात्र हाच सांगाडा शेपटांची सलग दाटी बसू देत नाही. पुरेसे कोलेस्टेरॉल असले की गोठण्या-वितळण्याची ठळक सीमाच पुसली जाते. माणसाच्या 37 अंशांच्या शरीरात त्याचे काम प्रामुख्याने पटल सुव्यवस्थित आणि कमी पार्य (कमी झिरपणारे) करणे हेच आहे, आणि तरीही रेणू आडवे सरकत राहतात. ‘घट्ट की सैल’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच तापमानावर आणि शेजारी कोणती शेपटे आहेत यावर अवलंबून आहे. पेशीच्या बाह्यपटलात दर शंभर लिपिड रेणूंमागे तीस-चाळीस कोलेस्टेरॉलचे असतात, तर आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीच्या आतील पटलांच्या जाळ्यात) सुमारे पाचच. त्यामुळे जालिकेचे पटल कमी जाडीचे आणि लवचिक राहते, जे तेथे नवी प्रथिने रोवण्यास सोयीचे असते; आणि बाह्यपटलातील प्रथिनांचे पटलात रुतणारे भाग सरासरीने अधिक लांब असतात. वनस्पतींमध्ये हे काम सिटोस्टेरॉलसारखी स्टेरॉले, तर बुरशीत अर्गोस्टेरॉल करते; अँफोटेरिसिन बी हे बुरशीनाशक औषध त्या अर्गोस्टेरॉललाच गाठते.

पेशी ही रचना नशिबावर सोडत नाही. सिनेन्स्की यांनी 1974 मध्ये दाखवले की, इ. कोलाय हा जीवाणू 15 ते 43 अंशांदरम्यान कोठेही वाढवला, तरी तो मेदाम्ले अशा प्रमाणात बदलतो की वाढीच्या तापमानाला पटलाची प्रवाहिता जवळपास सारखीच राहते. वनस्पतींना हे किती साधते यावर पिकांचे भवितव्य ठरते, आणि मराठवाड्यात, जेथे उन्हाळ्यात पारा 42 च्या वर आणि परभणीच्या हिवाळ्यात कधी 5 च्या खाली जातो, तेथे हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. अर्धापूरकडची केळी 13 अंशांच्या खाली साठवली की साल काळी पडते, यामागे पटलांच्या अवस्थेतील बिघाड हे महत्त्वाचे कारण मानले जाते: पटल गळू लागते आणि एरवी वेगळे ठेवलेले विकर (एन्झाइम) व फिनॉले एकत्र येतात. नोरिओ मुराता यांच्या गटाने 1992 मध्ये तंबाखूच्या रोपात भोपळ्याच्या कुळातील एक जनुक घालून हरितलवकातील फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल अधिक संतृप्त केले, तेव्हा रोप थंडीला जास्त बळी पडले. अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील रोपाचे जनुक घातल्यावर ते जास्त टिकले. उलट 2000 मध्ये, हरितलवकातील तीन दुहेरी बंधांची मेदाम्ले घटवलेल्या तंबाखूने उष्णता अधिक सोसल्याचे दिसले. एकाच मिश्रणावर दोन्ही ऋतू निभावणे अवघड आहे, ते यामुळेच.

येथे करडईविषयी एक खुलासा आवश्यक आहे. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे सत्तर-पंचाहत्तर टक्के असते, म्हणून ते थंडीत तुपासारखे थिजत नाही. परंतु ते तेल बियांत साठवलेले ट्रायग्लिसराइड आहे, पटलाचा भाग नव्हे. त्यावरून झाडाच्या पानातील पटलांचा अंदाज बांधता येत नाही. आपण ते खाल्ल्यावर मात्र लिनोलेइक आम्लाचा काही अंश आपल्या पटलांत जातो, कारण हे आम्ल आपल्याला आहारातूनच मिळते आणि तांबड्या पेशींच्या पटलात त्याचे प्रमाण आहाराप्रमाणे वरखाली होते. तरीही पटल तेवढ्याने ‘पातळ’ होत नाही, कारण बहुतेक पेशी त्याच वेळी संतृप्त शेपटे आणि कोलेस्टेरॉल यांचे प्रमाण वाढवून तोल सावरतात.

तांबड्या पेशींना मात्र स्वतः नवी लिपिडे बनवता येत नाहीत. रक्तद्रवात जे आहे त्याच्याशी त्यांना देवाणघेवाण करावी लागते. यकृताच्या गंभीर आजारात रक्तद्रवातील लिपोप्रथिनांमध्ये (लिपिडे वाहून नेणाऱ्या कणांमध्ये) कोलेस्टेरॉलचे प्रमाण बिघडले, की ते या पेशींच्या पटलात साचत जाते, पटल ताठ होते, पेशींवर काट्यांसारखे टोकदार भाग उमटतात आणि अशा पेशी प्लीहेत अडकून वेळेआधीच फुटतात.