अकरावीला इंग्रजी साहित्य घ्यावं का? आधी दोन बोर्डांतला फरक बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सेमी इंग्रजीतून दहावी झाली, वाचनाची आवड आहे, कोल्हापुरातच आर्ट्सला जाऊन इंग्रजी साहित्य घ्यायचं म्हणते. घरच्यांना वाटतं त्यात मार्क पडत नाहीत. शिवाय एका सीबीएसई शाळेत ‘इंग्लिश इलेक्टिव्ह’ आहे, तिथे घालावं का? यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे, ती आधी सोडवू.

राज्य मंडळात अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीचंच आहे. आर्ट्सला दोन भाषा आणि चार वैकल्पिक विषय, एकूण 600 मार्क. इंग्रजी साहित्य हा त्या चारांपैकी एक. म्हणजे सक्तीच्या इंग्रजीचा पेपर सुटत नाही, हा त्याशिवायचा आणखी एक. सीबीएसईत याच्या उलट आहे. तिथे इंग्लिश कोअर (विषय कोड 301) किंवा इंग्लिश इलेक्टिव्ह (कोड 001), दोन्ही एकदम घेता येत नाहीत. इलेक्टिव्ह घेतलं की कोअर गेलं. पुस्तकंही वेगळी: कोअरला अकरावीत हॉर्नबिल आणि स्नॅपशॉट्स, तर इलेक्टिव्हला अकरावीत वोव्हन वर्ड्स आणि बारावीत कॅलिडोस्कोप. ही सगळी एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आजच उतरवून मुलीला वोव्हन वर्ड्समधल्या दोन कथा वाचायला द्या. फक्त या विषयासाठी बोर्ड बदलू नका. बाकीच्या विषयांची मांडणीही बदलते, आणि अकरावीत तो भार जड जातो.

आता प्रवेशाचं. ऑनलाइन अर्जात कॉलेज आणि शाखा भरायची असते. साहित्य मिळणार की नाही हे नंतर कॉलेजात ठरतं. इथेच बरेच पालक फसतात. माहितीपत्रकात विषय छापलेला असतो, पण चार-पाचच मुलं आली की वर्ग भरत नाही आणि मुलीला समाजशास्त्र घ्या म्हणून सांगतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून पसंतीक्रम भरायच्या आधी प्रत्यक्ष जाऊन विचारा: गेल्या वर्षी या विषयाचा वर्ग चालला का, किती मुलं होती, शिकवायला पूर्णवेळ शिक्षक आहेत का. कार्यालयात नीट उत्तर मिळालं नाही तर इंग्रजी विभागात जा, तिथे खरं कळतं. शिक्षक नसतील तर कॉलेजचं नाव कितीही मोठं असो, या विषयासाठी ते कामाचं नाही.

मार्क पडत नाहीत हे अर्धं खरं आहे, पण कारण भलतंच सांगितलं जातं. सक्तीच्या इंग्रजीच्या बारावीच्या 80 मार्कांच्या पेपरात गद्य आणि भाषाभ्यास 34, कविता 14, लेखन कौशल्य 16 आणि कादंबरी 16 अशी वाटणी आहे. तिथे उताऱ्यातलं वाक्य उचलून लिहिलं तरी बरेच मार्क हाताला लागतात. साहित्यात तसं उचलायला काही नसतं. कवितेबद्दल स्वतः चार वाक्यं जुळवावी लागतात, आणि गाईडमधला पाठ केलेला मजकूर प्रश्न जरा फिरवला की उपयोगी पडत नाही.

उदाहरण देतो. पंचगंगेच्या घाटावर पुराचं पाणी चढतंय, त्यावर एक ओळ समजा अशी आहे: ‘द रिव्हर कम्स अप द स्टेप्स, लाइक अ गेस्ट हू डझ नॉट नॉक.’ बहुतेक मुलं लिहितात: इथे सिमिली (उपमा) आहे, कारण ‘लाइक’ शब्द आला आहे. एवढ्यावर थांबलं की अर्धे मार्क गेले. पुढचं वाक्य लिहिता आलं पाहिजे: पाहुणा म्हणजे ओळखीचा, त्याला दार वाजवायची गरज वाटत नाही, म्हणजे नदी परकी नाही, दरवर्षी येणारी आहे, आणि तरीही न विचारता घरात शिरणारी. आपुलकी आणि भीती दोन्ही एकाच उपमेत आल्या. हे दुसरं वाक्य जिला सुचतं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना मांडता येतं, तिने हा विषय बिनधास्त घ्यावा. व्याकरण दोन वर्षांत सुधारतं.

कादंबरी-नाटकावरच्या प्रश्नांत नेहमीची चूक म्हणजे गोष्ट सांगत बसणं. प्रश्न एखाद्या पात्राच्या स्वभावाचा असतो आणि उत्तरात सुरुवातीपासून कथानक येतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पात्राला वहीचं एक पान द्यायचं. डावीकडे त्याने काय केलं, उजवीकडे त्यावरून काय दिसतं. परीक्षेत उजवी बाजू आधी लिहायची आणि डावी पुराव्याला.

रोजचा अभ्यास पाऊण तास पुरे, पण रोज हवा. वीस मिनिटं मोठ्याने वाचन, कारण कवितेचा ठेका डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतो. मग दहा ओळी स्वतःच्या शब्दांत. शब्दकोश आधी इंग्रजी-मराठी चालेल, दिवाळीनंतर इंग्रजी-इंग्रजीवर यायचं. नाहीतर मुली मराठीत विचार करून एकेक शब्द उलटा करत बसतात आणि तीन तासांचा पेपर पुरा होत नाही. मार्कामागे दोन मिनिटं हा हिशेब धरला तर 80 मार्कांना 160 मिनिटं लागतात, वीस मिनिटं तपासायला उरतात. पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. 1850 पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर शहरातच आहे, तिथे नाव घाला.

आणि पुढे शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात बीएला इंग्रजी घ्यायचं म्हणून आताच साहित्य घेतलंच पाहिजे असं नाही. सक्तीच्या इंग्रजीवरही तिकडे जाता येतं. त्यामुळे मनासारखं कॉलेज सोडून केवळ विषयासाठी रोज लांबची एसटी पकडायला लावू नका.

अर्ज भरायला आठवडा असेल तर वरची नदीची ओळ तिला वाचून दाखवा. काही समजावू नका. पंधरा मिनिटांत पाच वाक्यं लिहायला सांगा, मराठीत लिहिली तरी चालेल, आणि इथे टाका. वाचून सांगतो.