अक्कलदाढेच्या एक्स-रेवरून भावाचे वय ठरेल का?

प्रश्न : आम्ही धारूर तालुक्यातील ऊसतोड कामगार. दसऱ्याला गावात झालेल्या मारामारीत माझ्या धाकट्या भावाला अटक झाली आणि पोलिसांनी त्याचे वय 19 लिहिले. त्याचा जन्म सांगली जिल्ह्यात फडावर, कोपीत झाला. गावच्या शाळेत तो दुसरीपर्यंत अधूनमधून गेला, पण दाखला नाही. आधारवर 1 जानेवारी ही अंदाजे तारीख आहे. पाच महिन्यांनी दातांचा एक्स-रे काढून डॉक्टरांनी वय ‘17 ते 19’ कळवले. तो अजून कारागृहातच आहे. काय करावे?

उत्तर : आपला भाऊ कदाचित अल्पवयीन असताना प्रौढ कैद्यांत राहतो आहे, ही यातील सर्वांत तातडीची बाब आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 9 नुसार घटनेच्या दिवशी आरोपी 18 वर्षांखालील होता हा दावा कोणत्याही न्यायालयात आणि कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही, करता येतो. आणि वयाची चौकशी चालू असताना त्याला ताब्यात ठेवणे गरजेचे वाटले, तरी कारागृहाऐवजी सुरक्षित स्थळी ठेवावे लागते. असा दावा करणारा अर्ज याच आठवड्यात न्यायालयात द्या. कोठडीतील व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. घरच्यांनी वयाचे प्रतिज्ञापत्र करून भागणार नाही, कारण या चौकशीत प्रतिज्ञापत्र हा पुरावा धरू नये असे कलमातच म्हटले आहे.

आता दातांविषयी. साधारण सोळाव्या वर्षापर्यंत इतर दातांची मुळे पूर्ण झालेली असतात, त्यामुळे अठराच्या आसपास डॉक्टरांच्या हाती एकट्या अक्कलदाढेचे मूळ उरते. ती दाढ उगवली की नाही याला फारसे महत्त्व नाही. मुळाचे टोक मिटले की अजून उघडे आहे, हे एक्स-रेत पाहतात. परंतु टोक किंचित उघडे असलेली दाढ सतराव्या वर्षी दिसते तशीच एकोणिसाव्या वर्षीही दिसू शकते. म्हणूनच अहवालात एक आकडा न देता पल्ला दिलेला आहे, आणि त्यातला 19 तेवढा उचलणे सर्वस्वी चुकीचे आहे. क्ष-किरण तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये जया माला प्रकरणात मान्य केले, तर सीमारेषेवरच्या प्रकरणात कौल मुलाच्या बाजूने झुकावा असे 2002 मध्ये राजिंदर चंद्र प्रकरणात सांगितले. शिवाय वय मोजायचे ते घटनेच्या दिवशीचे. अहवालातून पाच महिने वजा केले, तर दसऱ्याला तो सुमारे साडेसोळा ते साडेअठरा वर्षांचा ठरतो.

मात्र याच अधिनियमाच्या कलम 94 मध्ये वैद्यकीय तपासणीचा क्रम शेवटचा आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच तपासणी. आधारला या यादीत जागा नाही. दुसरीपर्यंत शाळा झाली असेल, तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, नाव बहुधा असणार. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून तो उतारा आधी स्वतः पाहा. तिथे गुरुजींनी अंदाजाने घातलेली 1 जून असू शकते आणि ती आपल्याविरुद्धही जाऊ शकते, पण सरकार पक्षाने ती न्यायालयात काढून दाखवण्यापूर्वी आपल्या वकिलांना ठाऊक असलेली बरी. जन्माची नोंद जन्म झालेल्या ठिकाणी होते, हे टोळीतली पुष्कळ कुटुंबे विसरतात. तेव्हा शोध धारूरमध्ये न घेता सांगलीतील त्या गावच्या ग्रामपंचायतीत घ्या. बाळंतपण कोणत्या हंगामात, कोणत्या मुकादमाच्या टोळीत झाले, हे आईला शांतपणे विचारून लिहून ठेवा.

एक विनंती कळकळीने करतो : आता घाईघाईने उशिराची जन्मनोंद करून घेऊ नका. अटकेनंतर तयार झालेल्या कागदावर न्यायालय विश्वास ठेवत नाही आणि त्याच्यामुळे खऱ्या पुराव्यावरही संशय येतो. त्याऐवजी एक्स-रेची मूळ फिल्म सादर करण्याची आणि तपासणी करणाऱ्या दंतवैद्यांना साक्षीला बोलावण्याची मागणी अर्जातच करा, आणि तपासणी कोणाच्या आदेशाने झाली हेही पाहा. बाल न्याय मंडळाचा किंवा न्यायालयाचा आदेश नसेल, तर मनगट, कोपर व कंबरेच्या हाडांसह ती नव्याने करून मागता येईल.