शेवंतीला कळी का धरत नाही?

प्रश्न : जुळे सोलापुरात आमच्या गॅलरीत शेवंतीच्या कुंड्या आहेत. पानं हिरवीगार, ऊन सकाळभर. पण दिवाळी झाली तरी कळी नाही. खत कमी पडतंय का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, खत अजिबात वाढवू नका, पानं हिरवी आहेत म्हणजे झाड उपाशी नाही. गॅलरीतला दिवा रात्री किती वाजेपर्यंत चालू असतो, ते आधी बघा. शेवंती रात्र मोजते; रात्र पुरेशी लांब झाली तरच कळी धरते. सोलापुरात डिसेंबरात रात्र जवळजवळ १३ तासांची होते, पण ती सलग काळोखाची हवी. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य दिव्याच्या उजेडातला लाल भाग टिपतं. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी झाडाला रात्र लहान वाटते. भांगेच्या झाडाचंही असंच. फुलणं दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतं, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूवर दाखवून दिलं. फुलशेतीवाले तर मुद्दाम रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर पुढे ढकलतात!

वाढीला आपलं ऊनच हवं, ट्यूब त्याच्या पासंगालाही पुरत नाही. कळी रोखायला मात्र तेवढी पुरते. कुंड्या गच्चीवर, रस्त्यावरचा दिवा पोचणार नाही अशा कोपऱ्यात न्या. तशी जागा नसेल तर संध्याकाळी सहाला जाड काळं कापड घाला, सकाळी सातला काढा. रोज, न चुकता.