परदेशात १२ दिवस फिरायला जायचंय. रोमिंग घेऊ, तिथलं सिम घेऊ की ई-सिम?

ई-सिम (म्हणजे कार्ड न घालता इंटरनेटवरून फोनमध्ये टाकायचं सिम) घ्या आणि घरचं सिम फोनमधून काढू नका. उत्तर खरं तर एवढंच आहे, पण तुमचा प्रश्न वाचला आणि डोळ्यासमोर आमचा दादाच उभा राहिला, त्यामुळे आता पूर्ण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आम्ही चौघं गेलो होतो, दादा, वहिनी, आई आणि मी. आधी इटली, मग ट्रेनने स्वित्झर्लंड. निघायच्या महिनाभर आधीपासून मी कानीकपाळी ओरडत होते की ज्यांच्या फोनला चालतं त्यांनी ई-सिम टाकू, आईच्या जुन्या फोनला चालत नाही तर तिला रोमिंगचा छोटा पॅक घेऊ, मिटला विषय. दादाचं म्हणणं, रोमिंग म्हणजे शुद्ध लूट आणि ई-सिम म्हणजे हवेतलं सिम, हातात काहीच नाही, उद्या बंद पडलं तर गचांडी कुणाची धरायची? मी म्हटलं अरे २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनला सिमचा ट्रेसुद्धा नसतो, ते लोक काय खाणाखुणांनी बोलतात का? तर म्हणे "मी तुझ्यापेक्षा जास्त देश फिरलोय." यावर काय बोलणार. मी माझं ई-सिम घरूनच गुपचूप टाकून घेतलं आणि गप्प बसले.

मिलानला उतरल्यावर दादाने पासपोर्ट दाखवून एक सिम घेतलं. एकच. त्याच्या हॉटस्पॉटवर सगळ्यांनी जगायचं अशी योजना. काउंटरवरची मुलगी सिम बसवून देत होती पण तिच्यापुढे रांग होती आणि दादाला रांगेत उभं राहायचं म्हणजे अपमान वाटतो, "त्यात काय आहे, मीच बसवतो" म्हणाला. आता ट्रे उघडायची पिन कुणाकडे? कुणाकडेच नाही. शेवटी वहिनीने कानातलं काढून दिलं, त्याच्या दांडीने दादाने ट्रे ढकलला, तो टचकन बाहेर आला आणि जुनं सिम उडून खाली पडलं. नॅनो सिम म्हणजे केवढं, जेमतेम सव्वा सेंटीमीटर लांब. चौघं गुडघ्यावर बसून फरशी चाचपतोय, लोक आमच्याभोवती वळसा घालून बॅगा ओढत चाललेत. आईलाच सापडलं. मग दादाने ते चष्म्याच्या घरात, फडक्याखाली ठेवलं आणि वहिनीला सांगितलं "लक्षात ठेव गं." म्हणजे हरवलं तर जबाबदार कोण हेही तिथेच ठरलं.

नवीन सिम टाकल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने विचारलं, नंबर बदललाय का? इथे "नाही" म्हणायचं असतं, जुनाच नंबर चालू राहतो, सिम फोनमध्ये असो नसो. दादाने बदलून टाकला. त्याने नंबर बदलल्याची सूचना त्याच्या सगळ्या ग्रुपांत आपोआप गेली आणि पुढचे दोन दिवस काका, मामा, ऑफिसवाले सगळे विचारत होते की फोन चोरीला गेला का.

आणि तो हॉटस्पॉट! दादा चालतो भराभर, आई हळू. तो पंधरावीस पावलं पुढे गेला की आईचा व्हिडिओ कॉल बंद. तो तिकिटाच्या रांगेत गेला की वहिनीचा नकाशा बंद. तो बाथरूमला गेला की दोघींचं सगळंच बंद. दुपारी दोनलाच त्याची बॅटरी लाल. मी एक अक्षर बोलले नाही, हे मला नोंदवून ठेवायचंय.

तिसऱ्या दिवशी स्वित्झर्लंडमधल्या लुगानोची ट्रेन. कियासो स्टेशन गेलं, म्हणजे सीमा ओलांडली, आणि दादाचं इंटरनेट गेलं. तो फोन बंद करतोय, चालू करतोय, एअरप्लेन मोड लावतोय, काढतोय. मग म्हणतो कसा, "पण हा युरोपच आहे ना?" युरोप आहे रे बाबा, युरोपियन युनियन नाहीये! १५ जून २०१७ पासून युनियनमधल्या देशांत एकमेकांकडे फिरताना रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत, पुढे तो नियम २०३२ पर्यंत वाढवला, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनश्टाइनही त्यात आहेत, पण स्वित्झर्लंड नाही. काही कंपन्या आपणहून तो देश पॅकमध्ये घालतात, दादाच्या पॅकमध्ये नव्हता. हे सगळं पॅकच्या देशांच्या यादीत लिहिलेलं असतं. यादी वाचायची असते.

लुगानोला हॉटेलवर गेलो तर पैसे आत्ताच भरा म्हणाले. दादाने त्यांच्या वायफायवर कार्ड टाकलं, बँक म्हणे ओटीपी पाठवलाय. कुठे पाठवलाय? घरच्या नंबरवर. घरचं सिम कुठे? चष्म्याच्या घरात. चष्म्याच्या घरात सिम नाही. फडकं झटकलं, खिसे उलटे केले, वहिनीची पर्स काउंटरवर ओतली, रिसेप्शनवरचा माणूस शांतपणे बघतोय. मग मी माझं कार्ड दिलं, माझं घरचं सिम फोनमध्येच होतं, दहा सेकंदात टिंग करून ओटीपी आला, पैसे गेले, किल्ली मिळाली. दादा काय म्हणाला माहितीये? "तुझ्या कंपनीचं नेटवर्क चांगलं आहे."

असो. तुमचा प्रश्न.

घरचं सिम आत ठेवायचं ते ओटीपी आणि बँकेच्या मेसेजसाठी. बाहेर असताना येणारे एसएमएस बहुतेक कंपन्यांकडे फुकट असतात, पण आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावं लागतं, ते निघायच्या आधी करा आणि दर तेव्हाच विचारून घ्या. मग फोनमध्ये डेटासाठी ई-सिम निवडा आणि घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद. आता इथे लोक हमखास चुकतात, घाबरून दोन्हीकडचं बंद करतात. ई-सिमचं डेटा रोमिंग चालूच लागतं, कारण प्रवाशांना विकतात ती ई-सिमं बरेचदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात, म्हणजे ती स्वतःच रोमिंगवर असतात. माझ्या फोनला तर चारही दिवस वाटत होतं की मी पोलंडमध्ये आहे, जाहिराती पोलिशमध्ये. आणि गरज पडली की आपोआप दुसऱ्या सिमच्या डेटावर जायची सोय फोनमध्ये असते ती बंद करा, नाहीतर बिल येतं. मला आलं होतं, आधीच्या एका प्रवासात. हे दादाला माहीत नाही.

ई-सिम घरच्या वायफायवरच टाका, उतरल्यावर टाकू म्हणाल तर ते टाकायलाच इंटरनेट लागतं. ते टाकायला मिळणारा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो, त्यामुळे "चालत नाहीये" म्हणून डिलीट करू नका, गेलं ते गेलं. काहींची मुदत तिथलं नेटवर्क पकडल्यावर सुरू होते, काहींची टाकल्या क्षणी, तेवढं वाचा.

आता खरं बोलायचं तर दादाची एक बाजू बरोबर होती. माझं ई-सिम नुसतं डेटाचं, त्याला नंबरच नाही. मिलानच्या घरमालकाने खालच्या दाराचा कोड सांगायला फोन केला तो दादाच्या इटालियन नंबरवर, त्याच्यामुळे आम्ही आत गेलो. त्यामुळे एकाच देशात महिना-दोन महिने राहणार असाल, किंवा तिथल्या लोकांशी फोनवर बोलावंच लागणार असेल तर तिथलं सिम घ्या, फक्त ते दुसऱ्या खाचेत घाला. आणि आईसारख्या ज्यांना यातलं काही नको असतं त्यांना सरळ रोमिंग पॅक द्या, पैसे जास्त जातात पण दिवसातून सहा वेळा "हे काय आलंय बघ" ऐकावं लागत नाही. चीनला जाणार असाल तर रोमिंगचा आणखी एक फायदा, डेटा घरच्या कंपनीकडून फिरून येतो म्हणून तिथे बंद असलेली अ‍ॅप्सही साधारणपणे चालतात. तुर्कस्तानात तिथलं सिम घातलेला परदेशी फोन नोंदणीशिवाय १२० दिवसच चालतो, १२ दिवसांना काही फरक पडत नाही म्हणा. क्रूझवर मात्र फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा, जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क साध्या पॅकमध्ये सहसा धरत नाहीत.

हां, आणि हे मी खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. फोन मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर घेतला असेल तर तो त्या कंपनीला लॉक आहे का, म्हणजे त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही असं आहे का, ते बघा, असेल तर वरचं सगळं सोडा, रोमिंगच घ्या.

दादाचं सिम पाच महिन्यांनी सापडलं, चष्म्याच्या घराच्या आतल्या फाटक्या अस्तरात. तोवर त्याने डुप्लिकेट घेतलं होतं म्हणजे हे मेलेलंच होतं, पण त्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "हरवलं नव्हतंच." त्यावर वहिनीने अंगठा दिलाय. मी अजून काही उत्तर दिलेलं नाही.