नवं महाग उपचार 'किफायतशीर' आहे की नाही, हे कसं ठरवतात?

नुसती किंमत बघून नाही, तर जुन्या उपचाराशी तुलना करून. समजा, नव्या औषधाला २ लाख जास्त लागतात आणि रुग्णाला ४ वर्षं जास्त मिळतात, पण प्रकृती निम्मीच बरी. मग ती वर्षं धरायची २ क्वाली (पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे एक क्वाली), म्हणजे एका क्वालीमागे १ लाख. सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार घ्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने एका क्वालीमागे किती खर्च परवडेल याची मर्यादा बरीच वर्षं २० ते ३० हजार पौंड ठेवली होती. भारतात २०१७ पासून एचटीएइन ही केंद्र सरकारची यंत्रणा अशी तुलना करते.

खरी मेख मात्र खर्च कुणाचा धरला यात आहे. फक्त सरकारचा धरला, तर गावाहून मुंबईला येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाचं एसटीभाडं, बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचं राहणं-जेवण हिशेबात येतच नाही. माझ्या मते अशा तुलनेच्या अहवालात खर्च कुणाचा धरलाय, हेच आधी तपासावं.